एका गाडीचे दोन मालक

१४ जानेवारी, मंगळवार

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस. सकाळपासून एक शब्द गोड बोलले नाही आणि बोलणारही नाही.

माझा भागीदार शंभूराज ऑफिसात तिळगूळ घेऊन आला. ऑफिस म्हणजे कडेगावातल्या खताच्या दुकानावरची खोली. युरियाच्या वासात मी दिवसभर काम करते आणि साहेब दुपारी बुलेटवरून येतात. म्हणाला, "पल्लवी, यंदाचं मैदान कमिटीचे नानासो आपल्याच ॲपवर घेणार हायत. फक्त म्हणालेत, गेल्या वर्षीगत झोपू नका." आणि हसला!

ह्यात हसण्यासारखं काय आहे? बैलगाड्यांच्या शर्यतीत कुठली गाडी कितव्या गटात, कुठल्या तासातनं म्हणजे कुठल्या पट्ट्यातनं पळणार, कोण पुढं आलं, हे सगळं आमच्या ॲपवर दिसतं. गेल्या वर्षी सेमीफायनलला हजारो माणसांनी एकदम मोबाईल काढले आणि ॲपचा नुसता चक्का फिरत बसला. माइकवरचा निवेदक म्हणाला, "मंडळी, ॲप पेंड खायला गेलंय, फळा बघा." सगळं मैदान हसलं. शंभूराजही त्यांच्यात हसला. मी तिथंच टेबलाशी बसले होते.

दहा वेळा सांगितलं होतं की हे भाड्याचं एवढंसं मशीन पुरायचं नाही. मैदानात नोंदी बदलतात मोजक्या आणि बघणारे हजारो. प्रत्येक जण विचारतो तेच आणि आमचं मशीन प्रत्येकासाठी नव्यानं गोदामात जाऊन शोधतं. दुकानदार जशा साखरेच्या पुड्या बांधून गल्ल्याशेजारी ठेवतो, तसं जे सारखं लागतं ते मेमरीत तयार ठेवायला पाहिजे. चांगला क्लाउड डेटाबेस घ्यायचा, त्यात हे मेमरीतलं कॅशिंग असायला पाहिजे. गेल्या वर्षी हे बोलले तर म्हणाला, बघू. बघितलं की मग सगळ्या मैदानानं.

यंदा बघू नाही. यंदा माझं ऐकायचं, नाहीतर मी चालले.

१९ जानेवारी, रविवार

घरी आले. म्हसवडच्या अलीकडं आमची वाडी. आजोबांपर्यंत मेंढरं होती, आबांनी ती विकून डाळिंब लावलं आणि एक बैल पाळला. त्याचं नाव इंजान. नाव आईनं ठेवलंय. वासरू असल्यापासून आवाज करायचं म्हणे.

आबा त्याला अंघोळ घालत होते. म्हणाले, "पले, यंदा कडेगाव झालं की बसवायचा ह्याला. दम कमी पडाय लागलाय. एकदा कडेगावचा फायनल पळू दे, मग दावणीला खाऊ दे की निवांत." डोळ्यांत पाणी होतं की बैलानं शेपटी मारली म्हणून चेहरा ओला होता, कळलं नाही. हे एवढंच एक मैदान इंजाननं कधी मारलेलं नाही. आबांना दुसरं काही नको. आईनं साडी मागितली तरी म्हणतात, कडेगाव होऊ दे.

गाडी पैऱ्याची आहे. एक बैल आपला, एक दुसऱ्याचा, दोन्ही मिळून एका गाडीला जुंपायचे तो पैरा. इंजानच्या जोडीला सुभेदार नाथाजींचा कॅप्टन. नाथाजी म्हणजे शंभूराजचे वडील. फौजेतनं आले, कडेगावला ऊस करतात. दोघा म्हाताऱ्यांचा पैरा कॅप्टन-इंजानच्याही आधीपासूनचा. त्या ओळखीनंच मी आणि शंभूराज एकत्र आलो. माइकवर गाडी पुकारतात ती नाथाजींच्या नावानं, कारण नोंदणी ते करतात. आबांना त्याचं काही वाटत नाही. ते आपले बैलाच्या कासऱ्याला धरून उभे असतात.

२७ जानेवारी, सोमवार

डोकं फिरलंय. लिहिलं नाही तर कुणाला तरी चावेन.

पुण्याहून डेटाबेसवाल्या कंपनीचा माणूस आला होता. बूट इतके चकचकीत की खताच्या दुकानातला हमाल वाकून बघत होता. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर हा शंभूराजला द्यायचा. मी विचारलं, "मुख्य मशीन बंद पडलं तर राखीव प्रत किती वेळात ताबा घेते?" हा शंभूराजकडं बघून म्हणतो, "सर, तुम्ही काही काळजी करू नका." सर! सरांना राखीव प्रत म्हणजे काय ते माहीत नाही. सर मान हलवत होते.

शेवटी मी म्हटलं, "अहो, इकडं बघून बोला. हे सगळं मी बांधलंय."

माणूस गडबडला. शंभूराज म्हणाला, "व्हय व्हय, डोकं तिचंच हाय सगळं." कसं म्हणाला तेही बघा. हात हलवत. जसं काही मी त्याच्या घरातली भांडी घासते.

दोन मार्ग आहेत. एक, मोठ्या परदेशी कंपनीचा डेटाबेस घ्यायचा आणि मेमरीतला साठा वेगळा विकत घेऊन त्याला जोडायचा. दुसरा, ह्या पुणेवाल्यांचा, ज्यात साठा आतच बसवलेला आहे. शंभूराजला पहिला पाहिजे. का? तर नाव मोठं आहे, बॅनरवर टाकता येईल. उचलली जीभ लावली टाळ्याला. मैदानात उन्हात उभं राहून दोन दोन गोष्टी सांभाळायच्या कुणी? मीच ना?

६ फेब्रुवारी, गुरुवार

दोन्हींवर खोटी गर्दी सोडून बघितली. पुणेवाल्यांचं मशीन हललंसुद्धा नाही. पान असं उघडतं की बोट उचलायच्या आत समोर. ठरलं. शंभूराज तोंड वाकडं करून "बरं" म्हणाला.

लोक गाडी शोधतात ती बैलाच्या नावानं. मालकाचं नाव विसरतील, बैलाचं नाही. म्हणून प्रत्येक बैलाच्या नावाचं पान आधीच तयार करून मेमरीत ठेवलं. नोंद बदलली की पान पुसायचं आणि नवं ठेवायचं. कॅप्टन टाकून बघितलं, गट बदलला, पान लगेच बदललं. झकास.

कंपनीचा एक इंजिनिअर फोनवर होता, नवखाच असावा. म्हणाला, "मॅडम, साठवलेल्या पानांना थोडी मुदत ठेवा. मिनिटभरानं आपोआप शिळी होऊ देत. कुठं पुसायचं राहिलं तर तेवढंच सावरतं." मी म्हटलं, "म्हणजे दर मिनिटाला सगळी गर्दी परत गोदामावर? गेल्या वर्षी तेच झालं. मला मुदत नकोय, मला वेग पाहिजे." तो म्हणाला, "तरी पण मॅडम..." मी फोन ठेवला. मला शिकवतोय! माझ्या ॲपवर परत एकदा चक्का फिरलेला दिसला तर मी कडेगाव सोडून जाईन, पण मुदत ठेवणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

लोणंदला लहान मैदान होतं, तिथं चालवून बघितलं. पळालं! निवेदक माइकवर म्हणाला, "ॲप बैलापेक्षा जोरात हाय, मंडळी." गट ठरल्याप्रमाणं सुटले, कुठं अदलाबदल नाही, तंटा नाही. येताना एकटीच उसाचा रस प्यायले. दोन ग्लास.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

परवाचा आनंद पेपरवाल्यांनी आज मातीत घातला. बातमी आलीय. "कडेगावच्या तरुणाची भरारी". फोटो शंभूराजचा, बुलेटसकट. "शंभूराज यांनी तयार केलेले ॲप." माझं नाव शोधलं. वरून खाली, खालून वर. नाही.

त्याला विचारलं तर म्हणतो, "आगं, मी दोन्ही नावं दिली हुती. त्यानं एकच छापलं, मी काय करू?"

"फोन करून सांग की त्याला."

"एवढ्यासाठी?"

एवढ्यासाठी! गाडी दोघांनी ओढायची आणि नाव एकाचं. आयत्या बिळावर नागोबा. जो ओढतो त्याचं नाव घ्यायला ह्या लोकांची जीभ झडते काय? संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही. उलट निघताना विचारतो, वडापाव आणू का.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपास, आणि त्यात आबांचा फोन. कडेगावच्या मैदानाची नोंदणी सुरू झालीय आणि नाथाजींनी गाडी नोंदवलीय.

"पले, मोबाईलवर बघितली गाडी. इंजान दिसतुया. पर मालक म्हणून सुभेदाराचंच नाव हाय. माझं कुटं दिसंना."

मी म्हटलं, "आबा, फॉर्मवर मालकाचा रकाना एकच हाय. गाडी एकच पळते ना? मग मालक एकच."

"व्हय, ते हायच. पर म्हटलं, आता तूच केलंयस तर..."

"आबा, आता चार दिवस राहिलेत. सगळा फॉर्म परत मोडू का एवढ्यासाठी?"

"न्हाई न्हाई. ऱ्हाऊ दे. मी आपलं इचारलं." मग म्हणाले, "लय झटक्यात उघडतंय बघ. मी सगळ्या वाडीला दावलं. म्हटलं माझ्या पोरीनं केलंय." आणि फोन ठेवला.

म्हातारी माणसं कुठल्या वेळेला काय विचारतील नेम नाही. मला इथं श्वास घ्यायला सवड नाही.

१ मार्च, शनिवार

चिठ्ठ्या निघाल्या. आपली गाडी गट बेचाळीस, तास तीन. म्हणजे चांगलं दुपार कलल्यावर. नाथाजी तिथंच कुरकुरले, "म्हातारा बैल हाय तो, उन्हात दमल." नानासो म्हणाले, चिठ्ठी ती चिठ्ठी.

आबांना सांगितलं, सावकाश निघा, मायणीला झाडाखाली बैल थांबवा, पाणी दाखवा, ॲप बघत बघत या. इंजाननं उद्या फायनल गाठला पाहिजे. आबांपेक्षा मलाच धडधडतंय.

२ मार्च, रविवार

जे झालं ते सरळ लिहिते.

ॲप सकाळपासून पाण्यासारखं चाललं होतं. गर्दी गेल्या वर्षाच्या दुप्पट असेल. माझ्या टेबलाशी येऊन माणसं कौतुक करत होती. तेवढ्यात पहिल्या गटांतल्या काही गाड्या आल्याच नाहीत म्हणून कमिटीनं मागच्या थोड्या गाड्या पुढं ओढल्या. नाथाजी तिथं होतेच. त्यांनी मागून घेतलं, "आमची गाडी पुढं घ्या, सकाळच्या थंडाव्यात इंजान पळंल." नानासोंनी गट नऊ दिला. मी स्वतः नोंद बदलली. कॅप्टन टाकून बघितलं. गट नऊ. पुढच्या कामाला लागले.

थोड्या वेळानं नाथाजी लालबुंद होऊन आले. "पल्लवी, तुझ्या बाला सांग गं काय तरी! मायणीला बसलाय झाडाखाली. तीनदा फोन केला, गट नऊ झालाय, ये म्हणून. ऐकंना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात. आबांना फोन लावला, उचलला नाही. म्हटलं, ह्या माणसाचा हट्ट म्हणजे... नाथाजींना विचारलं, "ते म्हणतात तरी काय?"

"म्हणतोय, ॲपवर बेचाळीस हाय. म्हटलं, आरं मी हितं मैदानात उभा हाय, कमिटीनं सांगितलंय. तर म्हणतोय, सुभेदार, तुमी कायबी म्हणा. माझ्या लेकीचं ॲप हाय. ते खोटं बोलायचं न्हाई."

मी ॲप उघडलं आणि इंजान असं टाकलं.

गट बेचाळीस, तास तीन.

पान झटक्यात उघडलं. एका क्षणात कळलं मला. गाडी एक, पण नावं दोन. फॉर्मवर एकच मालक, म्हणून त्याच्याच बैलाच्या नावाचं पान पुसलं जायचं. दुसऱ्या बैलाचं पान मेमरीत तसंच. मुदत ठेवली असती तर मिनिटाभरात आपोआप गेलं असतं. लहानपणापासून पैरा बघत आले मी. पैऱ्याच्या चाऱ्यावर वाढले. आणि माझ्याच डोक्यात हे आलं नाही!

पुसलं. आबांना परत फोन. आता उचलला. "आबा, निघा! गट नऊ!" तर म्हणाले, "आत्ताच बदललं बघ. आलोच." मायणीहून पिकअप किती पळणार? त्यात पाठीमागं बैल.

गट नऊ सुटला तेव्हा तीन नंबरच्या तासात कॅप्टन एकटाच उभा होता, जोडीला नुसतं मोकळं जू. निवेदक म्हणाला, "सुभेदार नाथाजी, कडेगाव, गाडी अपुरी, बाद." माणसं हसली. नाथाजी, फौजेतला माणूस, मान खाली घालून कॅप्टनला घेऊन बाहेर आले.

आबा पोचले. इंजानची शिंगं रंगवलेली, अंगावर नवी झूल. त्यांना बाद झाल्याचं कळलं आणि ते सरळ नाथाजींवर गेले. "मला न इचारता गट बदलून घेतला कुणी? बैल काय तुमच्या एकल्याचा हाय?"

नाथाजी म्हणाले, "दादासो, तुझ्या बैलासाठीच घेतला रं. आनि तीन येळा फोन केला तुला."

"ॲपवर आधी बेचाळीसच हुतं! मी डोळ्यानं बघितलंय. तुमी कमिटीचं पाय धरून ऐनवेळी घोळ घातला, आनि आता माझ्या पोरीला खोटी पाडताय?"

"तुझ्या पोरीचं ॲपच चुकलंय, गड्या."

"माझ्या पोरीचं न्हाई चुकत!" आबा असे ओरडले की शेजारचे बैल बिथरले. "आजपासनं तुमचा माझा पैरा मोडला. तुमचा बैल तुमाला, माझा मला."

मी मध्ये जाणार तोवर शंभूराजनं माझा हात धरला. हळू आवाजात म्हणतो, "तू गप ऱ्हा. मी माइकवर सांगतो, डेटाबेसवाल्या कंपनीची चूक झाली म्हणून. तुझ्यावर येऊ देत न्हाई." भित्रा! हात झटकला. डेटाबेसला जे सांगितलं ते त्यानं केलं. आणि वर आबांसमोर माझी चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालू?

निवेदकाच्या हातातला माइक घेतला. काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, "हे ॲप मी केलंय, पल्लवीनं. गट बदलला तो ॲपनं जुनाच दाखवला. चूक सुभेदार नाथाजींची नाही आणि इंजानचे मालक दादासो, म्हसवड, त्यांचीही नाही. चूक माझी." मग कुणीतरी शिट्टी मारली आणि दहावा गट सुटला.

पिकअपमध्ये आबांच्या शेजारी बसले. विट्याचा रस्ता मागं पडला. मग आबा समोर बघतच म्हणाले, "हयात गेली मैदानात. माइकवर माझं नाव कवा आलं न्हाई. आज आलं, ते असं आणलंस."

४ मार्च, मंगळवार

शंभूराजशी भांडले. तो म्हणतो, "माइकवर बोलायची काय गरज हुती? नानासोंनी पुढच्या वर्षाचं काम काढून घेतलं." मी म्हटलं, तुझं नाव खराब झालं म्हणून रडतोस. तो म्हणाला, "माझं कुटं? नाव तर तू तुझं सांगितलंस." मग चिडून आणखी बोलले. त्याच्या बापाला बाद म्हणून हसली माणसं, त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. त्याचाही राग आला.

मुदत लावली. मिनिटभराची. त्या नवख्या इंजिनिअरला फोन केला नाही. काय म्हणून करायचा?

७ मार्च, शुक्रवार

नाथाजींच्या दारात गेले. ते कॅप्टनला खरारा करत होते. मी म्हटलं, काका, आबांना एक फोन करा. ते म्हणाले, "चूक झाली असती तर केला असता, पोरी. सगळ्यांसमोर पाय धरले म्हणाला मला. फौजेत कुणाचं धरलं न्हाईत." चहा दिला. कॅप्टनला आता कुणाच्या जोडीला जुंपणार विचारलं नाही. अंगणात दुसराच कुणीतरी बैल बांधलेला होता.

९ मार्च, रविवार

घरी. इंजान दावणीला. शिंगांवरचा रंग अजून तसाच, आबांनी काढला नाही.

नवा फॉर्म करून नेला होता. पहिला मालक, दुसरा मालक. दोन्ही रकाने सारख्याच अक्षरात, कुणी लहान-मोठा नाही. एकात बदल झाला की दोन्ही बैलांची पानं पुसली जातात. शंभर वेळा तपासलं. आबांच्या पुढ्यात मोबाईल धरला.

"आबा, आता तुमचं नाव येणार. माइकवर दोन्ही नावं पुकारतील. बघा की."

आबांनी चष्मा लावला. बोटानं वर-खाली केलं. बराच वेळ बघितलं. आई चुलीपुढनं म्हणाली, लय चांगलं केलंस गं.

मला राग आला. सगळ्यांचा आला. म्हटलं, "आबा, काहीतरी बोला की! चुकलं ते चुकलं, दुरुस्त केलंय ना मी!"

आबांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला, अगदी सावकाश, पडू नये म्हणून.

"झ्याक झालंय," म्हणाले. "पर पले, पैरा मोडला. आता कुणाच्या शेजारी लिवतीस माझं नाव?"